मदत हवी आहे : केळीच्या खोडाचे सूत अंगावर घालण्याइतके मऊ कसे करावे?

नमस्कार. इंदूरमध्ये आम्ही काही मैत्रिणी हातमागाच्या कापडाचे कुर्ते शिवतो आणि आता त्यासाठी बऱ्हाणपूरच्या केळीच्या खोडातून काढलेला धागा वापरण्याचा विचार आहे. केळीचे खोड एकदाच घड देते व नंतर कापूनच टाकावे लागते, त्यामुळे कच्च्या मालाची चिंता नाही. अडचण स्पर्शाची आहे. हे तंतू पेक्टिन, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या वनस्पतीतील नैसर्गिक घटकांनी एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून यंत्राने काढलेला धागा पिशव्यांना आणि चटयांना चालला, तरी माळव्याच्या उन्हाळ्यात अंगाला टोचतो.

कॉस्टिक सोड्यात उकळल्यास तो मऊ होतो हे ठाऊक आहे. परंतु उरलेल्या क्षारयुक्त पाण्याची सोय लावल्याशिवाय अशा कापडाला पर्यावरणस्नेही म्हणणे मला पटत नाही. त्याऐवजी पेक्टिनेज आणि झायलनेज ही (अनुक्रमे पेक्टिन आणि हेमिसेल्युलोज तोडणारी) एन्झाइमे लहान प्रमाणावर कोणी वापरली असल्यास तापमान व भिजवण्याचा कालावधी किती ठेवला आणि धाग्याची ताकद कितपत टिकली, हे कृपया कळवावे.

ताणा (मागावरचे उभे धागे) सुती ठेवून केवळ बाण्यात (आडव्या धाग्यांत) हा धागा घालण्याचा बेत आहे, कारण ताण्यावरचा ओढा आणि फणीचे घर्षण त्याला सोसवेलसे वाटत नाही. महेश्वरचे कोणी विणकर थोड्याच कापडासाठी असा प्रयोग करून देतील का? तसेच कापसात मिसळून कातलेले केळीचे सूत इंदूरजवळ किंवा खानदेशात कोठे मिळते, हेही सांगावे. ‘केळीचे रेशीम’ म्हणून पुष्कळदा विकले जाणारे व्हिस्कोज (लगदा रसायनांत विरघळवून बनवलेला धागा) मात्र नको आहे.