मुलगा ट्रम्पकडे, सून कमला हॅरिसकडे, आणि भांडण आमच्या फॅमिली ग्रुपवर

पर्वतीपायथा (२४ ऑक्टोबर २०२४)

नमस्कार मंडळी. विषय अमेरिकेच्या निवडणुकीचा आहे पण घरात शिरलाय म्हणून इथे विचारतेय. माझा मुलगा आणि सून पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फियाजवळ बक्स काउंटीत राहतात, दोघंही आता सिटिझन झालेत त्यामुळे राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायची ही त्यांची पहिलीच वेळ. मुलगा ट्रम्पला देणार, सून कमला हॅरिसना. त्या दोघांचं आपसात ठीक चाललंय असं मुलगा म्हणतो, पण इकडे सहकारनगर ते हिंजवडी पसरलेल्या आमच्या फॅमिली ग्रुपवर जे चाललंय त्याचा मला खरंच त्रास व्हायला लागलाय.

धाकटे दीर २०१९ चं ह्यूस्टनचं हाउडी मोदी आणि २०२० चं अहमदाबादचं नमस्ते ट्रम्प, त्याचेच व्हिडिओ परत परत टाकतात, म्हणतात तो आला की भारताचं भलं. नणंदेची मुलगी आयटीत आहे, ती म्हणते तो आला की व्हिसा बंद. आणि १० सप्टेंबरच्या डिबेटमध्ये ट्रम्प ते ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये हैतीहून आलेले लोक कुत्री खातात वगैरे बोलले ना, त्यावर आमच्याकडच्या एकाने मीम टाकलं. सुनेच्या ऑफिसात हैतीची एक मुलगी आहे, चांगली मैत्रीण आहे तिची. सून एक अक्षर न बोलता ग्रुपमधून बाहेर पडली. आता १ तारखेला लक्ष्मीपूजन, त्या दिवशी आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर असतो, फराळाचा कुरियर पण गेलाय, आणि ती येईल की नाही हे मी मुलाला विचारायलाही कचरतेय.

मला दोन गोष्टी कळून घ्यायच्यात. मुलगा म्हणतो आई, माझ्या मताला जी किंमत आहे ती कॅलिफोर्नियातल्या कोणाच्याच मताला नाही. हे खरं आहे का आणि कसं? आणि दुसरं, या दोघांना नक्की काय पटतंय? शिव्या नकोत कृपया, त्या ग्रुपवर भरपूर मिळतात.

कट्टा_नारायणपेठ

काकू, मुलगा बरोबर सांगतोय. तिकडे देशभरची मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. राज्यांना वाटून दिलेली एकूण ५३८ इलेक्टोरल मतं असतात, त्यातली २७० मिळाली की जिंकला. पेनसिल्व्हेनियाकडे १९ आहेत आणि तिथे एका मताने जरी पुढे राहिलात तरी सगळी १९ तुमची, मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर सगळीकडे हाच नियम. कॅलिफोर्नियाची ५४ आहेत पण ती डेमोक्रॅटांनाच जाणार हे शेंबडं पोरगंही सांगेल, म्हणून तिथे कोणी फार प्रचारच करत नाही. पेनसिल्व्हेनियात २०१६ ला ट्रम्प सुमारे ४४ हजारांनी जिंकले, २०२० ला बायडन सुमारे ८० हजारांनी, आणि मतदान झालं होतं साठ-सत्तर लाखांच्या घरात. म्हणजे बघा किती चिंचोळं अंतर आहे. २०१६ ला हिलरींना देशभरात जवळपास २९ लाख मतं जास्त होती तरी त्या हरल्या. २००० साली तर फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर सगळं ठरलं.

त्यामुळे यावेळी सगळी जत्रा तिथेच आहे, ट्रम्पवर गोळी झाडली ती १३ जुलैला तिथल्याच बटलरमध्ये आणि तुम्ही म्हणता ती डिबेटही फिलाडेल्फियातच झाली. तुमची मुलं ज्या काउंटीत आहेत ती या राज्यातली अगदी काठावरची काउंटी मानतात, दोन्ही पक्षांची माणसं दार वाजवून जात असणार, टीव्ही लावला की जाहिराती, पोस्टाने पत्रकं. त्या दोघांवर किती मारा होत असेल याची इथे बसून कल्पना येत नाही.

हडपसर_आयटी

मी ओहायोत बरीच वर्षं काढून परत आलोय त्यामुळे मुलाची बाजू सांगतो, कारण इथे पुण्यात ट्रम्पचं नाव काढलं की लोक एकतर हसतात नाहीतर मोदींवर जातात, आणि तिथला मतदार या दोन्हीचा विचार करत नाही.

पहिलं म्हणजे महागाई. जून २०२२ मध्ये तिकडे महागाईचा दर ९.१ टक्के होता, चाळीस वर्षांत एवढा नव्हता. आपल्याला वाटतं ९ टक्के म्हणजे काय विशेष, आपण पाहिलेत, पण ज्यांनी आयुष्यभर दोन टक्के पाहिलाय त्यांच्यासाठी अंडी, घरभाडं, गाडीचा इन्शुरन्स सगळंच अंगावर आलं. आता दर खाली आलाय हे मान्य पण वाढलेल्या किमती काही खाली आल्या नाहीत. घराच्या कर्जाचं व्याज तीन टक्क्यांच्या आसपास होतं ते सातच्या वर गेलं, ज्या जोडप्याला घर घ्यायचंय त्यांनी काय करायचं?

दुसरं बॉर्डर. मेक्सिकोच्या सीमेवर २०२२ आणि २०२३ या दोन्ही सरकारी वर्षांत २० लाखांच्या वर लोकांना अडवल्याच्या नोंदी आहेत. आणि आपला माणूस कायद्याने जातो, टॅक्स भरतो, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत म्हातारा होतो कारण एका देशाला ७ टक्क्यांच्या वर द्यायची नाहीत हा नियम. या माणसाच्या मनात काय येत असेल? ट्रम्प जूनमध्ये एका पॉडकास्टवर म्हणाले की तिकडच्या कॉलेजातून डिग्री घेणाऱ्याला डिग्रीबरोबर ग्रीन कार्ड द्यायला हवं. करतील न करतील, पण बोलले तरी. हॅरिस यावर काय बोलल्या? आणि त्या २०१९ ला फ्रॅकिंग (जमिनीखालचे खडक फोडून गॅस-तेल काढणं) बंद करू म्हणाल्या होत्या, आता म्हणतात नाही करणार. पेनसिल्व्हेनियात हजारो घरं गॅसवर चालतात, तिथे अशी कोलांटी लोक विसरत नाहीत.

औंधची_मी

हडपसर दादा, पॉडकास्टवर बोलणं आणि खुर्चीवर बसून करणं यातला फरक आपण एकदा पाहिलाय ना. जून २०२० मध्ये यांनीच नवीन एच-१बीवाल्यांना (नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांना) देशात यायला बंदी घातली, ती पुढच्या मार्चपर्यंत चालली. लग्नाला, आजारी आईवडिलांना बघायला इकडे आलेली किती माणसं तेव्हा अडकली होती, एकाचा संसार तिकडे आणि एक इकडे. एच-४ वाल्या, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदार म्हणून गेलेल्या बायकांना कामाची परवानगी मिळाली ती ओबामांच्या काळात २०१५ ला, आणि ती काढून घ्यायचा घाट यांच्याच काळात घातला गेला. शेवटी झालं नाही ते सोडा, पण दर सहा महिन्यांनी आता बंद होणार आता बंद होणार ही टांगती तलवार घेऊन नोकरी करायची म्हणजे काय असतं ते मी भोगलंय.

पण काकू, तुमच्या सुनेचा मुद्दा बहुतेक व्हिसा नसेलच, ती आता सिटिझन आहे. २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने रो विरुद्ध वेड हा १९७३ चा निकाल मोडीत काढला आणि गर्भपाताचा हक्क राज्यांच्या हातात गेला. मी तेव्हा डॅलसला होते, गरोदर होते, टेक्ससमध्ये कायदा इतका कडक झाला की काही बिनसलं तर काय करायचं हा प्रश्न विचारला की समोरचा डॉक्टर आधी शब्द तोलायचा. मी, पुण्यात वाढलेली मुलगी, जिथे १९७१ पासून कायदा आहे आणि २०२१ ला काही परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत वाढवलाय, ती अमेरिकेत बसून विचार करतेय की वेळ आली तर दुसऱ्या राज्यात गाडी चालवत जायचं का! हे ज्या बाईने अनुभवलंय किंवा जवळून पाहिलंय ती अंड्यांच्या भावावर मत देणार नाही.

हडपसर_आयटी

ताई तुमचा अनुभव खोटा म्हणत नाहीच मी, पण पेनसिल्व्हेनियात गर्भपात आजही कायदेशीर आहे, आणि ट्रम्प म्हणतात राज्यांनी ठरवावं. तिथल्या लोकांनी ठरवलेलंच आहे की.

औंधची_मी

तो निकाल देणाऱ्यांत तीन न्यायाधीश ट्रम्पनीच नेमलेले होते. आज राज्यांवर सोडलंय, उद्या काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, देशभर बंदीचा कायदा आणला तर? मी नाही सही करणार हे ट्रम्प आत्ता ऑक्टोबरमध्ये सांगतायत, वर्षानुवर्षं उलटसुलट बोलून झाल्यावर. आणि ६ जानेवारी २०२१ ला निकाल मान्य नाही म्हणून कॅपिटॉलमध्ये, संसदेच्या इमारतीत, ट्रम्पसमर्थकांचा जमाव घुसला, हे एकटं कारण माझ्यासाठी पुरे होतं, आपल्याकडे कितीही राडे झाले तरी हरलेला माणूस गुपचूप बंगला सोडतो.

भोसरी_एमआयडीसी

सगळे व्हिसावरच बोलताय म्हणून राहवलं नाही. आमचं छोटं युनिट आहे, फोर्जिंग घेऊन मशीनिंग करतो, माल मोठ्या कंपनीमार्फत अमेरिकेला जातो. काकू तुमच्या दिरांना माझ्याकडून सांगा की स्टेडियममधली मिठी वेगळी आणि कस्टमचा कागद वेगळा. २०१८ ला ट्रम्पनी स्टीलवर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के ड्यूटी लावली, त्यात भारत पण आला. जून २०१९ मध्ये जीएसपीची सवलत काढली, म्हणजे भारतातला बराच माल जो बिनड्यूटी जायचा त्याच्यावर ड्यूटी बसली, आणि हे हाउडी मोदीच्या तीन महिने आधी. आत्ता सप्टेंबरमध्ये मिशिगनच्या सभेत एकाच दमात मोदी फॅन्टॅस्टिक आणि भारत व्यापारात गैरफायदा घेतो असं दोन्ही म्हणाले. आता सगळ्याच देशांच्या मालावर १०-२० टक्के लावू म्हणतायत, चीनवर ६०. चीनवर लावलं तर आमच्याकडे ऑर्डरी वळतील असं काहीजण म्हणतात आणि ते अगदीच चूक नाही, पण आमच्यावर पण १०-२० बसले तर ज्या मार्जिनवर आम्ही काम करतो त्यात खायला काय उरणार. बायडननी चीनवरचे जुने टॅरिफ ठेवलेच, उलट मे महिन्यात चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के केला, त्यामुळे दुसरी बाजू मोकळ्या व्यापाराची आहे असं पण नाही. तरी मला विचाराल तर मला हॅरिस परवडतात, कारण काय होणार ते आधी कळतं.

एडिसनचा_पुणेकर

काकू, मी न्यू जर्सीत आहे, तुमच्या मुलांची काउंटी डेलावेअर नदीच्या पलीकडे. आमच्या राज्याचा निकाल ठरलेला असतो म्हणून इथले कार्यकर्ते शनिवार-रविवारी नदी ओलांडून बक्समध्ये दारं वाजवायला जातात, मी पण जातो, हॅरिससाठी.

कमला यांची आई चेन्नईची म्हणून मत देणारा, किंवा ट्रम्पचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स यांची बायको तेलुगू घरातली म्हणून मत देणारा मराठी माणूस मला अजून एकही भेटला नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर गेले याचा सगळ्यांना आनंद आहे, त्यांच्या पक्षावर राग असलेल्यांना सुद्धा. दारात उभं राहिलं की लोक विचारतात ते प्रॉपर्टी टॅक्स, डे-केअरची फी, शाळा. बक्समध्ये शाळेच्या लायब्ररीत कोणती पुस्तकं ठेवायची यावरून २०२३ च्या स्कूल बोर्डाच्या निवडणुका गाजल्या होत्या. एकाच घरात दोन मतं मला दर वीकेंडला दिसतात, नवरा दार उघडून सांगतो मी तुमचा नाही, थांबा तिला बोलावतो. तुमच्या घरात जे आहे ते इथे नवीन नाही.

नवीन आहे ते मीम. सून मतासाठी बाहेर पडलेली नाही. तिच्या ओळखीच्या माणसाबद्दल घरचे हसले म्हणून ती गेली, आणि मुलाला मध्ये घालून ते सुटणार नाही. तुम्ही स्वतः तिला फोन करा, आणि ज्याने टाकलंय त्याला ते काढायला लावा, तो दीर असो की भाचा.

पर्वतीपायथा (२७ ऑक्टोबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सुनेला फोन केला. पाऊण तास बोलली, त्यातलं निवडणुकीबद्दल फार तर दहा मिनिटं असेल. ती म्हणाली आई, तुमच्या मुलाशी मी रोज वाद घालते, आम्ही दोघं पोस्टाची मतपत्रिका एकाच टेबलावर बसून भरली. पण ग्रुपवर एवढी माणसं हसत होती आणि एकानेही विचारलं नाही की तुला काय वाटतं. ग्रुपवर ती परत येणार नाही, लक्ष्मीपूजनाच्या कॉलवर येईल. मीम ज्याने टाकलं होतं त्याच्याशी मी बोलले, काढलंय, मनातून किती काढलंय ते माहीत नाही. दिरांना भोसरीवाल्यांचं सगळं वाचून दाखवलं तर ते म्हणतात हे सगळं वाटाघाटीचं तंत्र आहे.

आमचं इथलं मतदान २० नोव्हेंबरला आहे, त्यावर तर ग्रुपमध्ये अजून सुरुवातही नाही. तिकडचा निकाल पुण्याच्या वेळेने कधी कळेल?

कट्टा_नारायणपेठ

पेनसिल्व्हेनियातलं मतदान त्यांच्या रात्री ८ ला संपतं, आपल्याकडे बुधवारी ६ तारखेला सकाळचे साडेसहा. पण आपल्यासारखं एका आयोगाने एका दिवसात सगळं मोजून टाकायचं असं तिथे नाही, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. पेनसिल्व्हेनियात तर पोस्टाने आलेली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायलाच परवानगी नाही, म्हणून २०२० ला मंगळवारचं मतदान आणि बातमी शनिवारी आली होती. तुमच्या मुलाचं आणि सुनेचं मत त्याच पाकिटांमध्ये आहे.

हडपसर_आयटी

यावेळी शनिवार उजाडणार नाही, बुधवारी दुपारच्या जेवणापर्यंत ट्रम्प जिंकलेले असतील, पेनसिल्व्हेनियासकट.

औंधची_मी

बुधवारी इथेच भेटू दादा.