एकच नोट सहा देशांत चालते, मग टोमॅटो सीमेवर का सडतो?

दुआलाकर:
चार वर्षं कॅमेरूनमध्ये, दुआलाला औषधांच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये काढली म्हणून लिहितोय. कॅमेरून, गॅबन, चाड, काँगो-ब्राझाव्हिल, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि इक्वेटोरियल गिनी या सहा देशांचा सेमाक नावाचा संघ आहे, सगळ्यांचा सीएफए फ्रँक एकच, सेंट्रल बँक एकच, कॅमेरूनच्या राजधानीत याउंदेला, आणि युरोला ६५५.९५७ हा दर ठरलेला. ऐकायला भारी वाटतं. पण दक्षिणेला क्ये-ओसीच्या बाजारात जाऊन बघा, कॅमेरूनचा टोमॅटो नि भाजीची केळी न्यायला गॅबनचे पण येतात, इक्वेटोरियल गिनीचे पण, खिशात सगळ्यांच्या तीच नोट. आणि गिनीने बॉर्डर बंद केली (अधूनमधून करतातच) की लाकडी खोक्यातला माल दोन-तीन दिवसांत खालून गळायला लागतो. एक बाई फडक्याने एकेक टोमॅटो पुसून बरे-वाईट वेगळे करत बसलेली, ते अजून डोळ्यासमोर आहे. नोट एक केली, बाजार एक केलाच नाही, माझा राग त्याच्यावर आहे.

नाणेफेक७:
बॉर्डरचं पटलं, पण त्यासाठी चलनाला नावं ठेवू नका. शेजारी नायजेरियात बघा काय झालं, जून २०२३ ला नायरा मोकळा सोडला तेव्हा डॉलरला ४७० च्या आसपास होता, वर्षभरात १४०० च्या पुढे गेला, लोकांची बचत मातीमोल झाली. कॅमेरूनच्या शिक्षकाचा पगार असा वितळला नाही, हे गरिबाच्या बाजूचंच आहे ना?

वर्षा_कु:
वितळला नाही? जानेवारी १९९४ विसरलात. ५० सीएफएला मिळणारा फ्रेंच फ्रँक एका रात्रीत १०० ला झाला, सेनेगलच्या डाकारला बसून ठरवलं आणि सकाळी औषधापासून तांदळापर्यंत बाहेरून येणारं सगळं महाग, पगार तेवढेच. शिवाय परकीय गंगाजळीतला निम्मा हिस्सा पॅरिसला फ्रेंच तिजोरीत ठेवायचा. पश्चिम आफ्रिकेतल्या, वेगळा सीएफए वापरणाऱ्या देशांनी २०१९ च्या शेवटी ती अट काढून घेण्याचं ठरवून तरी घेतलं, सेमाकने तेवढंही केलं नाही. स्वतःचा पैसा दुसऱ्याच्या कपाटात ठेवून कसलं आलंय एकत्रीकरण!

नाणेफेक७:
कपाट फ्रान्सचं, पण सीएफए बदलून द्यायची हमीही त्यांचीच आहे वर्षाताई. २०१४ नंतर तेल कोसळलं तेव्हा चाडकडे काय उरलं होतं? गंगाजळी सामाईक होती म्हणून त्यांची आयात चालू राहिली, डिसेंबर २०१६ ला सहाही राष्ट्राध्यक्ष याउंदेला जमले आणि अवमूल्यन करायचं नाही असं ठरवून आयएमएफकडे गेले. एकटं चाड असतं तर नोटा छापत सुटलं असतं. मी तरी यालाच एकत्रीकरण म्हणतो.

वर्षा_कु:
आणि आयएमएफच्या त्या कार्यक्रमांत कात्री कशाला लागते, ते सांगा ना. सहापैकी पाच देश तेल विकणारे, म्हणजे पडले की सगळे एकदमच पडतात, एकाने दुसऱ्याला सावरायचं कसं? मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाने तर एप्रिल २०२२ ला सेंट्रल बँकेला न विचारताच बिटकॉइन कायदेशीर केलं, पुढच्या वर्षी मागे घ्यावं लागलं. घरातल्यांचाच विश्वास नाही चलनावर.

दुआलाकर:
तुम्ही दोघंही पॅरिस आणि याउंदेमध्येच अडकलाय. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टच्या आबिदजानहून आलेल्या एका मित्राने दुआलात दुकानदाराला दहा हजाराची नोट दिली, नाव सीएफए फ्रँकच, किंमत तंतोतंत तीच, पण त्यावर पश्चिमेकडच्या बँकेचा करवत मासा, दुकानदाराने हातही लावला नाही. नावाच्या एकीचं हे असं असतं. सेमाकच्या आत निदान नोट तरी घेतात, पण माल? चाडला आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाला (राजधानी बांगुई) समुद्र नाही, बहुतेक सगळं दुआलाच्या बंदरातून जातं, वाटेत पोलीस, कस्टम, परत पोलीस, प्रत्येकाचा हात पुढे. उद्या दर बदला, गंगाजळी पॅरिसहून आणा, यातला एक माणूस तरी बाजूला होणार आहे का? आमची मलेरियाच्या इंजेक्शनची खोकी बांगुईला जायची तर गारुआ-बुलाईच्या सीमेवर गाड्या थांबायच्या, पुढचा रस्ता धोक्याचा म्हणून सैनिकांसोबत ताफा निघेपर्यंत. एकदा आमचा ट्रक तिथे अकरा दिवस उभा होता, कागद पूर्ण, भाडं त्याच फ्रँकमध्ये आगाऊ दिलेलं, आणि बांगुईचा फार्मसिस्ट मला रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, साहेब, आज निघाला का?