पुढच्या काचेचा टवका सुकवण्यासाठी हीट गन वापरावी का?

कोथरूडकर:
कात्रज–देहूरोड बाह्यवळणावर खडीच्या ट्रकमधून उडालेल्या दगडामुळे माझ्या गाडीच्या पुढच्या काचेचा, रुपयाच्या नाण्याहून लहान, टवका उडाला आहे. भरण्यासाठी रेझिनचा (फटीत भरून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाचा) संच आणला. परंतु मधल्या पावसात टवक्यात पाणी शिरले. ते सुकवण्यासाठी शेजाऱ्यांची रंग खरवडण्याची हीट गन वापरावी, की हेअर ड्रायर पुरेल?

काचकाम:
हीट गन शेजाऱ्यांना परत करावी. तिच्या तोंडाशी हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. पुढची काच ही दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ थर दाबून केलेली असते. तिच्या एकाच जागी एवढी उष्णता मिळाली, की तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो, भोवतालचा थंड भाग त्याला आवरून धरतो आणि त्या ताणाने टवक्याच्या टोकापासून तडा धावत सुटतो. शिवाय मधला थर बिघडून त्यात बुडबुडे आले, तर ते कायमचेच. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवून, वीतभर अंतरावरून, शक्यतो काचेच्या आतल्या बाजूने सतत फिरवत राहावे. काचेवर तळहात सुखाने टेकवता आला पाहिजे. घाई नको, दोन-तीन वेळा थांबून करावे. लायटरची ज्योत तर मुळीच नको, तिने काजळीही धरते.

सिंहगड रोड:
वरील उत्तरात एक भर घालतो. सुकल्यावर काच सावलीत निवेपर्यंत रेझिन भरू नये, कारण गरम काचेवर ते फार पातळ होते. हे रेझिन उष्णतेने नव्हे, तर अतिनील किरणांनी आळते. म्हणून उघड्या उन्हात काम केल्यास ते भेगेच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच घट्ट होऊन बसते. यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवाही बाहेरूनच लावावा, कारण पीव्हीबीचा थर हे किरण अडवतो. (मी पहिल्यांदा तो आतून लावून अर्धा तास वाट पाहिली होती.)

कोथरूडकर:
आभारी आहे. टवका चालकाच्या नजरेसमोर नाही. मात्र त्यातून बोटभर तडा काचेच्या कडेकडे गेलेला आज दिसला.

काचकाम:
मग ड्रायरही बाजूला ठेवावा आणि तापलेल्या काचेवर एसीचा थंड झोत सोडू नये. कडेला पोचलेला तडा रेझिनने सहसा धरत नाही, म्हणून आधी कारागिराला दाखवावे.