बडोदेकरांनो, तुमचं म्हणणं कुणी ऐकलं का? अनुभव लिहा

दांडिया बाजारातून
सयाजीबागेतल्या संकल्पभूमीपाशी, बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिस्थळापाशी, गेले की पाय थबकतात. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेबांना या शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर लोक काठ्या घेऊन आले. पुढे ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक काढलं, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. आज फोन हातात आहे, कुणीही लिहावं. पण लिहिलेलं सगळ्यांचंच वाचलं जातं का? स्वतःवर बेतलेलं सांगा. शुद्धलेखनाची काळजी नको, बोलून टाईप केलंत तरी चालेल.

विश्वामित्रीच्या काठावरून
ताई, मी सांगतेय आणि मुलगी टाईप करतेय. आम्ही मूळचे खानदेशातले, मी चार घरी पोळ्या करते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी घरात शिरलं. फोन पिशवीत गुंडाळून शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढलो. लाईट नाही, दुसऱ्या दिवशी चार्जिंग संपलं. मी जिथं काम करते त्या सोसायटीतल्या बुडालेल्या गाड्यांचे फोटो सगळीकडे फिरले, मगरींचे तर फिरलेच. आमच्या वस्तीचा एक नाही. वर्षाचा गहू कोठीतच फुगून आंबला. तो वास अजून नाकात आहे. फोन चालू झाला तोवर लोकांचं पुरावर बोलून झालं होतं.

मांजलपूरहून
आयटीआय फिटर आहे. घर बघायला गेलो, सगळं ठरलं, मग आडनाव विचारलं आणि 'मुलगा परदेशातून येतोय' म्हणाले. हे मी आपल्या मराठी ग्रुपवर लिहिलं. पहिली चार-पाच उत्तरं 'पानी' नव्हे 'पाणी' यावर. मग एकानं पुरावा मागितला. तेच माझ्या मित्रानं, त्याचं आडनाव चालणारं आहे, नीट भाषेत लिहिलं, तर लोकांनी त्याला फोन करून धीर दिला. घर मला हवं होतं.

वाडीतून
मांजलपूरच्या मुलाचं वाचून गप्प बसवेना. तुझं नाही, पण दुसऱ्या कितीजणांचं 'न'चं 'ण' मी केलंय. तीस वर्षं मराठी शिकवलं, नजर आधी तिथंच जाते. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यामुळे माझी आजी चार इयत्ता शिकली. तिच्या पत्रांत न आणि ण एकच, मध्येच गुजराती शब्द. ती पत्रं आम्ही अजून ट्रंकेत जपून ठेवलीत, त्यांत कधी कुणी चूक काढली नाही. मग परक्याच्या लेकराची का काढावी? घर मिळालं का रे? नसेल तर इथंच सांग, आमच्या गल्लीत विचारते.

विश्वामित्रीच्या काठावरून
गव्हाचा फोटो नाही, पण कोठी आहे. पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ पत्र्यावर तशीच आहे, घासूनही जात नाही. मुलगी कॉलेजातून आली की तिचा फोटो काढायला लावते, त्या रेघेचा.