शब्दचर्चा: पाण्याच्या चित्रातलं ‘वातावरण’ आणि ‘मूड’

प्रश्न: पैठणला नाथसागराच्या काठावर रंगवलेल्या जलरंगचित्रांवर मुलांसाठी टिपण लिहितोय. ‘वातावरण छान आलंय’ आणि ‘मूड छान आलाय’ हे आपण सर्रास एकाच अर्थानं बोलतो. फरक कसा करायचा? मूडला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद: दादा, फरक करायलाच हवा. वातावरण म्हणजे डोळा आणि वस्तू यांच्या मधली हवा, तिच्यातलं बाष्प, धूळ, उजेड. ते रंगवता येतं. जलाशयाचा पलीकडचा काठ फिका, निळसर दिसतो, कडा विरतात. ओल्या कागदावर ओला रंग सोडला की हे साधतं. उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद आणि गडद वस्तूचं किंचित फिकं ठेवलं तर पाणी खरं वाटतं. मुलं नेमकी इथं चुकतात, वरचाच रंग खाली उतरवतात.

मूड मात्र या सगळ्यातून पाहणाऱ्याच्या मनात उमटतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं 1872 मध्ये फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातली धुक्याची पहाट रंगवली. तिच्यातला नारिंगी सूर्य आभाळाइतकाच उजळ आहे. चित्राचा कृष्णधवल फोटो पाहिला तर तो जवळजवळ दिसेनासा होतो. धुकं हे तिथलं वातावरण. तो सूर्य थरथरल्यासारखा वाटतो आणि आपल्याला अस्थिर करतो, तो मूड.

मराठीत ‘भाव’ हा जुना शब्द आहेच. चित्राच्या षडंगांत, म्हणजे आपल्या जुन्या परंपरेनं सांगितलेल्या चित्राच्या सहा अंगांत, रूपभेद (रूपांमधला फरक) आणि प्रमाण यांच्यानंतर तोच येतो. फक्त ‘चित्राचा भाव’ लिहिलं की किंमत वाटते, म्हणून ‘चित्रातला भाव’ लिहावं.

आणखी एक: आपल्याकडे आभाळ झाकोळतं तसं मनही झाकोळतं. मळभ दोन्हींवर येतं. असे शब्द हवा आणि मन एकदमच सांगतात, मुलांना ते आधी द्या. ‘मूड’ला माझी हरकत नाही, पण ‘मूड छान’ एवढ्यावर थांबू देऊ नका. कसला मूड, ते लिहायला लावा.

प्रश्नकर्ता: मग असं चालेल? ‘पलीकडचा काठ विरल्यानं वातावरण दमट झालं आहे, करड्या पाण्यात एकच होडी असल्यानं चित्रातला भाव एकाकी आहे.’

प्रतिसाद: चालेल. फक्त ‘दमट’ काढून ‘कुंद’ घाला. दमट म्हटलं की बाष्प तेवढं कळतं, कुंद म्हटलं की मंदावलेला उजेडही आला.