ए आणि बी ड्राइव्ह गेले कुठे?

कोथरूडच्या बाई
नमस्कार. वय ६८, शाळेतून निवृत्त. मुलाने त्याचा जुना लॅपटॉप दिलाय, त्यावर भजनी मंडळाचा हिशेब लिहिते. 'धिस पीसी' उघडलं की एकटा सी दिसतो. पेनड्राइव्ह लावला की डी येतो. मग ए आणि बी कुठायत? माझ्याकडून पुसले तर गेले नाहीत ना? दुकानात विचारलं तर तो हसला, "काकू, तुम्हाला काय करायचंय?" मुळाक्षरं 'ग'पासून म्हणणाऱ्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं.

फ्लॉपीवाला
बाई, तुमच्याकडून काहीही पुसलं गेलेलं नाही. ए आणि बी ही फ्लॉपीची, म्हणजे माहिती साठवायच्या जुन्या काढत्या-घालत्या चकतीची, अक्षरं. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. सव्वापाच इंची फ्लॉपी घालायची, तिच्यात मावायचं १६० केबी. अक्षरांची ही पद्धत त्या पीसीवरच्या डॉस या सिस्टिमने सीपी/एम या आधीच्या सिस्टिमकडून उचलली. १९८३ च्या एक्सटी मॉडेलला १० एमबीची हार्ड डिस्क आली. ए-बी आधीच फ्लॉपीला दिलेले, म्हणून हिला सी. १० एमबी म्हणजे आजच्या फोनचे तीन-चार फोटो!

नव्वदीत मी टिळक रोडवरच्या एका क्लासची लॅब सांभाळायचो. चपला बाहेर काढून आत यायचं, एसी फक्त मशिनसाठी. फ्लॉपीची खाच एकच, तरी कॉपी करताना डॉस सांगायचा, 'आता बी मधली फ्लॉपी घाला'. एकाच खाचेला दोन नावं: मूळ फ्लॉपी काढा, कोरी घाला, पुन्हा मूळ. एक मुलगा दुसरी खाच शोधत कॅबिनेटच्या मागे शिरला होता, बिचारा.

फ्लॉपी गेली, पण तोवर असंख्य प्रोग्रॅम 'सी' गृहीत धरून लिहिले गेले होते, म्हणून अक्षर कोणी हलवलं नाही. लकडी पुलाचं लाकूड जाऊन किती काळ लोटला, आपण अजून लकडी पूलच म्हणतो ना?

हडपसरकर
विंडोजमध्ये पेनड्राइव्हला ए अक्षर देता येतं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन. पण बाई, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा सीचे दोन भाग करून हिशेब डीवर ठेवा, सेफ राहील.

फ्लॉपीवाला
सेफ कसला? विंडोज पुन्हा टाकावं लागलं तर डी वाचेल, तेवढंच. डिस्क एकच आहे. ती बसली की दोन्ही गेले. एकाच कपाटाचे दोन खण ते. बाई, हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि उपसून काढू नका, आधी इजेक्ट करा. दुसरं काही जोडलेलं असलं तर त्याचं अक्षर डीऐवजी ई येईल, तेव्हा घाबरू नका. पेनड्राइव्हला नाव देऊन ठेवा, नाव बदलत नाही.

कोथरूडच्या बाई
दोन पेनड्राइव्हवर उतरवलं. नाव दिलं 'भजन'. एक माझ्याकडे, एक खजिनदारबाईंच्या देव्हाऱ्यात. येताना दुकानदाराला लकडी पुलाचं समजावलं. तो नगरचा निघाला, त्याला आधी पूल कुठला तेच सांगावं लागलं.