‘एनर्जी टाइप’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी
एका प्रशिक्षण-पुस्तिकेचा अनुवाद करतेय. वात-पित्त-कफ आणि मायर्स-ब्रिग्जचे 16 व्यक्तिमत्त्व-प्रकार यांची सांगड घालून दिवसभर आपली ‘एनर्जी’ कशी पुरवायची, असा विषय. मी लिहिलं, ‘वातप्रकृतीच्या बहिर्मुख व्यक्तींनी दुपारनंतर ऊर्जेची बचत करावी.’ नवरा म्हणाला, वीज मंडळाची सूचना वाटते. ‘तुमची प्रकृती ओळखा’ हे शीर्षक वाचून सासूबाई म्हणाल्या, कोणाला बरं नाहीये? आणि ‘तुमचा प्रमुख दोष कोणता?’ विचारलं की माणूस आधी बायकोकडे बघतो. एनर्जीला शब्द सुचवा.

पाटावरवंटा
ऊर्जा भौतिकशास्त्राला देऊन टाका. माणसाला हुरूप असतो, उरक असतो, उमेद असते. आमची आजी ‘अंगात त्राण नाही’ म्हणायची आणि ते सगळ्यांना कळायचं.

कोशकीटक
त्राण म्हणजे संस्कृतात रक्षण. अवसानाचंही तेच, तिकडे अर्थ शेवट, इकडे बळ. आपलं अवसान गळतं म्हणजे नेमकं काय गळतं, हे काशीच्या पंडिताला समजावून दाखवा.
बाकी उरक इथे चालणार नाही. उरक कामाचा असतो, हुरूप मनाचा. हुरूप भरपूर आणि उरक शून्य अशी माणसं आमच्याच घरात आहेत.

सातारी तडका
दम! ‘दमानं घे’ म्हणजे दुसरं काय असतं? अख्खी पुस्तिका दोन शब्दांत.

शुद्धमती
दम फारसी आहे. आयुर्वेदाच्या पुस्तिकेत तरी परके शब्द नकोत. ‘प्राणशक्ती-नियोजन’ करा.

सातारी तडका
वाचतानाच दम लागला.

कोशकीटक
शुद्धमतीताई, तब्येत अरबी. मुळात अर्थ स्वभाव, आपण केला आरोग्य. प्रकृतीचा प्रवासही तसाच. आणि मिजास? मूळ ‘मिजाज’ म्हणजे मिश्रण. युनानी वैद्यकात शरीरातल्या चार द्रवांच्या मिश्रणावरून माणसाचा पिंड ठरवतात, त्याला मिजाज म्हणतात. म्हणजे अनुवादिनींना हवा तो शब्द मराठीत होता, आपण त्याचा तोरा करून टाकला.

वैद्यबुवा
प्रकृती सोडू नका. ती जन्मतः ठरते, बिघाड झाला की विकृती. एकच दोष प्रबळ त्या एकदोषज तीन, दोन प्रबळ त्या द्वंद्वज तीन आणि तिन्ही सारखे ती समप्रकृती, अशा सात. मनासाठी तर परदेशी प्रश्नावलीची गरजच नव्हती. चरकसंहितेत शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सत्त्वाचे, म्हणजे मनाचे, प्रकार दिले आहेत. सात्त्विक 7, राजस 6, तामस 3. बेरीज करा, 16!

भरदुपार
षोडशोपचारही 16 च. मायर्स-ब्रिग्जचे 16 येतात अंतर्मुख-बहिर्मुख अशा चार जोड्यांतून, दोनाचा चौथा घात. चरकाचे येतात तीन गुणांतून. बेरीज जुळली म्हणून सोयरीक होत नाही. शिवाय चरकाच्या यादीत पिशाच, राक्षस, मासाही आहे. कंपनीत कोणाला सांगणार, की तू मात्स्य?

पाटावरवंटा
त्यात वानस्पत्यही आहे ना? नुसतं खाण्यात चित्त, बुद्धी बेताची. दुपारच्या जेवणानंतर आमचं सगळं ऑफिस.

सातारी तडका
बाकी वाताचा स्वभावाशी संबंध आपल्याकडे आधीपासून आहे. ‘पोरानं वात आणला’ म्हणतोच की.

शुद्धमती
ती समईची वात. जळत जळत संपते, तसं आपण त्रासाने संपतो.

कोशकीटक
मग ‘वात आणली’ झालं असतं. समईची वात स्त्रीलिंगी, वर्तीपासून आलेली. आपण म्हणतो वात आणला. वाऱ्याचा, वायूचा वात तो.

शुद्धमती
आमच्याकडे ‘वात आणली’च म्हणतात.

भरदुपार
कुठे म्हणतात? मी तरी ऐकलेलं नाही.

अनुवादिनी
मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. ‘दम राखा’ ठेवू का? दटावल्यासारखं वाटेल का? प्रकृतीच्या जागी ‘पिंड’ घालणार होते, तर सासूबाईंनी श्राद्ध काढलं.

वैद्यबुवा
पिंड उत्तम. ‘त्याचा पिंडच तसा’ म्हणतोच आपण.

पाटावरवंटा
वात झाला, पित्तही खवळतं, मग कफाचा वाक्प्रचार का नाही? कफाच्या माणसाचा कोणाला त्रासच होत नाही की काय?

सातारी तडका
होतो की. त्याला आम्ही ढिम्म म्हणतो.

शुद्धमती
‘वात आणली’ माझ्या आईच्या पत्रात आहे. शोधून टाकते.